सोसायटीच्या ऑफिसातली वर्डची फाइल योग्य फोल्डरमध्ये कशी सेव्ह करावी: तयारीपासून वर्षअखेरपर्यंत

गृहनिर्माण सोसायटीच्या ऑफिसात कागद हरवतो तेव्हा निदान कपाट तरी एकच असतं. संगणकावर तोच कागद डेस्कटॉपवर असतो, डाउनलोड्समध्ये असतो, सेक्रेटरींच्या घरच्या लॅपटॉपवर असतो, आणि यातला शेवटचा खरा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. लेखापरीक्षक मागच्या सभेचं इतिवृत्त मागतात तेव्हा तीन फाइली निघतात आणि तिन्हींतला मजकूर वेगळा असतो.

हे बहुतेक वेळा एकाच कारणानं होतं. आपण आधी मजकूर टाइप करतो आणि फाइल कुठे ठेवायची याचा विचार शेवटी, घाईत, संगणक बंद करताना करतो. क्रम उलटा हवा: आधी जागा, मग नाव, मग मजकूर. पुढचे टप्पे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून लिहिले आहेत. लिबर ऑफिस वापरत असाल तर मेन्यू वेगळे दिसतील, क्रम हाच ठेवा.

टप्पा १: एकच मूळ फोल्डर ठरवा

सोसायटीची सगळी कागदपत्रं एकाच मूळ फोल्डरखाली आली पाहिजेत. ऑफिसात एकच संगणक असेल तर डी ड्राइव्हवर ‘सोसायटी_दप्तर’ नावाचं फोल्डर करा. दोन-तीन जण वेगवेगळ्या संगणकांवरून काम करत असतील तर नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर किंवा वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांपैकी एक निवडा. दोन्ही ठिकाणी थोडं थोडं ठेवू नका.

क्लाउड निवडलात तर खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडा. सेक्रेटरींच्या खासगी खात्यावर दप्तर ठेवलं की समिती बदलताना ते मागून घ्यायची वेळ येते.

डेस्कटॉप ही दप्तर ठेवायची जागा नाही. तो सहसा सी ड्राइव्हवर असतो आणि विंडोज बिघडून संगणक दुरुस्तीला गेला की पहिल्यांदा सी ड्राइव्हच पुसला जातो. समोर दिसायला हवं असेल तर मूळ फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा.

सावधान: वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असेल तर तुमचा ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ प्रत्यक्षात वनड्राइव्हमध्ये असतो. फोल्डरच्या पत्त्यात ‘वनड्राइव्ह’ हा शब्द दिसतो का, ते एकदा बघून घ्या.

टप्पा २: फोल्डरांची मांडणी कागदावर करा, मग संगणकावर

फोल्डर कामाप्रमाणे करा, माणसाप्रमाणे नको. ‘सेक्रेटरी साहेब’, ‘खजिनदार’, ‘मॅडमची कामं’ अशी फोल्डरं समिती बदलली की निरुपयोगी होतात. मध्यम आकाराच्या सोसायटीला एवढी मांडणी पुरते:

- ०१_सभा
- ०२_पत्रव्यवहार
- ०३_सभासद
- ०४_हिशेब_लेखापरीक्षण
- ०५_दुरुस्ती_कंत्राटे
- ०६_कायदेशीर
- ९०_नमुने
- ९९_तात्पुरते

सुरुवातीचे आकडे असले की यादी नेहमी याच क्रमानं दिसते. आकडा दोन अंकीच ठेवा. ‘इतर’ नावाचं फोल्डर करू नका. ते केलं की महिन्याभरात निम्मी कागदपत्रं तिथे जातात. ज्या कागदाची जागा लगेच ठरत नाही तो ‘९९_तात्पुरते’मध्ये टाका आणि हे फोल्डर दर शनिवारी रिकामं करा.

प्रत्येक फोल्डरच्या आत आर्थिक वर्ष: २०२४-२५, २०२५-२६. अपवाद ‘०३_सभासद’चा. तिथे सदनिका क्रमांकाप्रमाणे फोल्डर करा: ए-१०१, ए-१०२, बी-३०४. सभासदाचं नामनिर्देशन, ना-हरकत दाखला, हस्तांतरणाची कागदपत्रं अनेक वर्षांनी लागतात. तेव्हा वर्ष कोणालाच आठवत नाही, सदनिका क्रमांक मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. सभासदाच्या नावानं फोल्डर केलं तर सदनिका विकली गेल्यावर ते बदलावं लागतं.

वर्षाच्या बाबतीत एक पेच नेहमी येतो. ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत घ्यायची असते. म्हणजे हिशेब २०२४-२५ चे आणि सभा २०२५-२६ मध्ये. मग सूचना कोणत्या वर्षात ठेवायची? एक जण इकडे ठेवतो, दुसरा तिकडे, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. नियम असा ठरवा: सभा आणि पत्रं कागदावरच्या तारखेप्रमाणे, हिशेब आणि लेखापरीक्षण ज्या वर्षाचे आहेत त्या वर्षात. म्हणजे सभेची सूचना ‘०१_सभा’मधल्या २०२५-२६ मध्ये जाईल. त्याच सभेपुढे ठेवलेला ताळेबंद आणि पुढे लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल ‘०४_हिशेब_लेखापरीक्षण’मधल्या २०२४-२५ मध्ये जाईल. हा नियम छापून मॉनिटरशेजारी चिकटवा. तोंडी सांगून तो टिकत नाही.

तपासा: मूळ फोल्डरपासून कागदापर्यंत पोहोचायला तीनपेक्षा जास्त फोल्डरं उघडावी लागतात का? लागत असतील तर एक पायरी कमी करा. खोल मांडणीचा आणखी एक तोटा आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता साधारण २६० चिन्हांच्या आत बसावा लागतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘इतिवृत्त’ डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, संगणक त्याची आठ मोजतो.

टप्पा ३: नाव देण्याचा एकच नियम

नव्या कागदावर पहिल्यांदा सेव्ह दाबलं की वर्ड सहसा पहिल्या ओळीतला मजकूर नाव म्हणून सुचवतं. आपली पत्रं ‘प्रति,’ने सुरू होतात. म्हणून अनेक ऑफिसांत ‘प्रति’, ‘प्रति १’, ‘प्रति नवीन’ अशा फाइलींची रांग असते. सुचवलेलं नाव आहे तसं कधीच स्वीकारू नका.

नाव असं बांधा: तारीख, मग विषय, मग कागदाचा प्रकार, मग स्थिती. उदाहरणार्थ:

२०२५-०९-०५_वार्षिक_सभा_सूचना_मसुदा
२०२५-०७-१२_ए-१०४_गळती_पत्र_अंतिम

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. आपल्याला ०५-०९-२०२५ लिहायची सवय आहे, पण तशी नावं दिली तर ५ जानेवारी, ५ सप्टेंबर आणि मागच्या वर्षीचा ५ मार्च शेजारी शेजारी येतात. वर्ष आधी असेल तर फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. एक अंकी महिन्याला आणि दिवसाला शून्य लावा. आकडे देवनागरी घ्या किंवा इंग्रजी घ्या, पण सगळीकडे एकच. मिसळले की क्रम बिघडू शकतो आणि शोधताना निम्म्या फाइली सुटतात.

जावक क्रमांक नावात घालायचा असेल तर तिरपी रेघ आड येते. पत्रावर ‘जा.क्र./४५/२०२५’ असतं, पण विंडोज नावात ही नऊ चिन्हं चालवून घेत नाही: \ / : * ? " < > |. तिरप्या रेघेच्या जागी आडवी रेघ घ्या: ‘जाक्र-०४५-२०२५’. पत्रावरचा क्रमांक मात्र आहे तसाच राहू द्या.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट: शुद्धलेखन. एकानं ‘सूचना’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘सुचना’. एकानं ‘इतिवृत्त’, दुसऱ्यानं ‘इतीवृत्त’, तिसऱ्यानं ‘मिनिट्स’. आपण वाचताना हे सगळं एकच समजतो. शोधाच्या चौकटीला ते वेगवेगळे शब्द वाटतात आणि फाइल समोर असून ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. उपाय म्हणजे ठरीव शब्दांची यादी: सूचना, इतिवृत्त, ठराव, पत्र, उत्तर, दाखला, करारनामा, देयक, अहवाल. दहा-पंधरा शब्द पुरतात. टप्पा २ च्या नियमाखालीच ही यादी चिकटवा आणि तिच्याबाहेरचा शब्द वापरू नका.

स्थितीसाठी तीनच शब्द: मसुदा, अंतिम, सहीची_प्रत. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ ही साखळी इथेच तोडायची आहे. मसुदे एकापेक्षा जास्त झाले तर मसुदा-०१, मसुदा-०२.

सावधान: एखाद्या पोर्टलवर मराठी नावाची फाइल चढत नसेल तर मूळ फाइलचं नाव बदलू नका. तिची प्रत काढा, प्रतीला इंग्रजी नाव द्या, ती चढवा आणि काम झाल्यावर पुसून टाका.

टप्पा ४: वर्डची सेटिंग एकदाच करून घ्या

वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग सेव्ह उघडा. इथे चार गोष्टी बघायच्या:

१. ‘डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन’मध्ये मूळ फोल्डरचा पत्ता घाला.
२. दप्तर डी ड्राइव्हवर असेल तर ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’वर खूण करा. नाहीतर वर्ड पुन्हा पुन्हा वनड्राइव्ह पुढे करतं.
३. ‘ऑटोरिकव्हर’ची वेळ १० मिनिटं असते. वीज जात असेल तर ती ५ करा. त्याखालची ‘न सेव्ह करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवा’ या अर्थाची खूणही चालू ठेवा.
४. फाइल ‘डॉट डॉकएक्स’ स्वरूपातच सेव्ह होते आहे ना, ते पाहा.

मग फाइल एक्सप्लोररमध्ये मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून ते ‘क्विक ॲक्सेस’ला पिन करा. सेव्हच्या खिडकीत ते डाव्या बाजूला कायम दिसेल. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलच्या नावापुढचं एक्स्टेंशन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, दिसेल असंही करा. वर्डची फाइल कोणती आणि त्याच नावाची पीडीएफ कोणती, हे मग फाइल न उघडताच कळतं.

सावधान: ऑटोरिकव्हर म्हणजे सेव्ह नव्हे. संगणक अचानक बंद पडला तर तेवढ्यापुरता तो आधार आहे.

टप्पा ५: नवा कागद, याच क्रमानं

१. ‘९०_नमुने’मधला नमुना उघडा. सूचना, इतिवृत्त, साधं पत्र, ना-हरकत दाखला यांचे नमुने ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून सेव्ह केलेले असावेत. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की नवा कागद उघडतो आणि मूळ नमुना सुरक्षित राहतो.
२. एकही अक्षर टाइप न करता एफ१२ दाबा. ‘सेव्ह ॲज’ची खिडकी थेट उघडते, मधल्या पानांतून जावं लागत नाही.
३. डावीकडच्या पिन केलेल्या फोल्डरातून जागा निवडा. वर्ड जे फोल्डर आपणहून दाखवतं ते बऱ्याचदा याआधीच्या कामाचं असतं. चुकीच्या जागी गेलेल्या फाइलींपैकी बहुतेक इथेच चुकतात, म्हणून वरची पत्त्याची पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. हवं ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये आधीच उघडं असेल तर त्याचा पत्ता कॉपी करून नावाच्या चौकटीत चिकटवा आणि एंटर दाबा. खिडकी त्या फोल्डरमध्ये जाते. मग नाव लिहा.
४. ठरलेल्या नियमानं नाव लिहा, शेवटी ‘मसुदा’.
५. ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘वर्ड डॉक्युमेंट’ आहे ना, ते बघा आणि सेव्ह करा.
६. आता टाइप करा. प्रत्येक परिच्छेदानंतर कंट्रोल+एस.

तपासा: खिडकीच्या माथ्यावर तुम्ही दिलेलं नाव दिसतं का? ‘डॉक्युमेंट१’ दिसत असेल तर फाइल अजून सेव्ह झालेलीच नाही. जागेबद्दल शंका असेल तर फाइल, मग इन्फो उघडा. नावाखाली पूर्ण पत्ता असतो.

टप्पा ६: मागच्या वर्षीचा कागद वापरायचा असेल तर

गेल्या वर्षीची सूचना उघडायची, तारीख बदलायची, कंट्रोल+एस दाबायचं. एवढ्यानं गेल्या वर्षीची सूचना कायमची गेली. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. ती मुदत पाळली का, अशी तक्रार उद्या झाली, तर जुनी फाइल नव्या तारखेसह समोर येईल.

कंट्रोल+ओ आणि मग ‘ब्राउज’ केल्यावर येणाऱ्या खिडकीत फाइल निवडा. ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून ‘ओपन ॲज कॉपी’ घ्या. मग लगेच एफ१२, नवं वर्ष, नवं नाव. मजकुराला हात त्यानंतर लावायचा.

वनड्राइव्हवर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. तिथे वर डावीकडे ‘ऑटोसेव्ह’ चालू असतं, म्हणजे तुम्ही सेव्ह न दाबताही प्रत्येक बदल जुन्या फाइलीत उतरत जातो. जुनी फाइल उघडल्यावर पहिलं काम ‘सेव्ह अ कॉपी’. आधीच घोटाळा झाला असेल तर वरच्या नावावर क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा आणि जुनी आवृत्ती परत आणा. डी ड्राइव्हवरच्या फाइलीला ही सोय सहसा मिळत नाही.

टप्पा ७: बाहेरून आलेली फाइल

वकिलांचा मसुदा ईमेलवर येतो, कंत्राटदाराचं दरपत्रक व्हॉट्सॲपवर. तिथूनच उघडून दुरुस्त्या केल्या तर बदल तात्पुरत्या फोल्डरमध्ये जातात किंवा सेव्हच होत नाहीत, आणि दोन तासांचं काम दुसऱ्या दिवशी सापडत नाही. झिप फाइलच्या आतून उघडलेल्या कागदाचंही तसंच.

आधी फाइल उतरवून घ्या, एक्सप्लोररमधून तिच्या जागी हलवा, नियमाप्रमाणे नाव द्या, मग तिथून उघडा. झिप असेल तर आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. पेन ड्राइव्हवरची फाइल आधी संगणकावर कॉपी करा. पेन ड्राइव्हवरच काम करत बसलात आणि कोणी तो मध्येच उपसला, तर फाइल खराब होऊ शकते.

उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर तो मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असतो. ती फाइल तशीच सेव्ह करून विसरू नका. पाठवणाऱ्याकडून युनिकोड प्रत किंवा पीडीएफ मागवा.

टप्पा ८: मसुद्याची अंतिम प्रत

मसुदा मंजूर झाला की फाइल बंद करा, एक्सप्लोररमध्ये एफ२ दाबून ‘मसुदा’च्या जागी ‘अंतिम’ लिहा. मग ती उघडून एफ१२ दाबा, प्रकार ‘पीडीएफ’ निवडा आणि त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावानं सेव्ह करा. सभासदांना पीडीएफच पाठवा. वर्डची फाइल गटावर टाकली तर कोणीही तीत बदल करून पुढे पाठवू शकतं. सही-शिक्क्याचा स्कॅन त्याच नावानं, शेवटी ‘सहीची_प्रत’. जुने मसुदे समितीनं इतिवृत्त कायम केल्यावरच पुसा, त्याआधी नको.

टप्पा ९: दोघं एकच फाइल उघडतात तेव्हा

शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल दुसऱ्याकडे उघडी असेल तर वर्ड तसं सांगतं आणि पर्याय देतं. ‘रीड ओन्ली’ घ्या किंवा ‘मोकळी झाली की कळव’ हा पर्याय घ्या. ‘लोकल कॉपी’ घेऊ नका. तिथून दोन आवृत्त्या सुरू होतात आणि त्या पुन्हा जुळवायला कोणी बसत नाही.

सगळ्यांनी वर्ड बंद केलं तरी फाइल अडकलेली दाखवत असेल, तर त्या फोल्डरमध्ये ‘~$’ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल उरलेली असते. कुठल्याही संगणकावर ती फाइल उघडी नाही याची खात्री झाल्यावरच ती पुसा.

फाइल चुकीच्या जागी गेली तर

पुन्हा ‘सेव्ह ॲज’ करू नका. त्यानं चुकीच्या जागची प्रत तशीच राहते आणि दुसरी तयार होते. वर्डमधली फाइल बंद करा, एक्सप्लोररमध्ये कट करा, योग्य फोल्डरमध्ये पेस्ट करा.

कुठे गेली तेच आठवत नसेल तर वर्डमध्ये फाइल, ओपन, रीसेंट बघा. प्रत्येक नावाखाली जागा दिलेली असते. सेव्ह न करताच बंद केली असेल तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. हे त्याच दिवशी करा. त्या प्रती कायम राहत नाहीत.

टप्पा १०: १ एप्रिलची कामं

सभासद सोडून प्रत्येक फोल्डरमध्ये नव्या वर्षाचं फोल्डर १ एप्रिललाच करा. ते नसेल तर एप्रिलची पत्रं जुन्या वर्षात जातात आणि जूनमध्ये निवडत बसावं लागतं. वेगळ्या हार्ड डिस्कवर सगळ्या मूळ फोल्डरची प्रत घ्या, डिस्कवर तारीख लिहा आणि ती ऑफिसाबाहेर, समितीनं ठरवलेल्या पदाधिकाऱ्याकडे ठेवा. मूळ संगणकावर नव्हे, त्या डिस्कवरून पाच-सहा फाइली उघडून बघा: एक सूचना, एक इतिवृत्त, एका सदनिकेचं फोल्डर, एक सहीची प्रत. त्या उघडल्या तर प्रत घेतल्याची नोंद दप्तरात करा. त्यातली एक जरी उघडली नाही तर त्याच दिवशी दुसरी डिस्क आणा.